काळतोंडीचं खरं कोकरू

सोलापूरकडून परत आलं की ओळखीपाळखीची माणसं आधी चादरीच विचारतात. या वेळी मी आणलं काय, तर मेंढ्यांचं रक्त, पिशवीभर ज्वारी आणि उसाच्या पानांची पाकिटं. चादर राहिलीच. शेजारच्या वहिनी अजून माझ्याशी तुटक बोलतात.

मी मूळची गुहागरकडची. बावीस वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डीएनए काढण्याचं काम करते. कुणी विचारलं तर सांगते, मी वाचक आहे. ज्वारी वाचते, ऊस वाचते, मेंढी वाचते. सगळ्यांची लिपी एकच, चार अक्षरांची, मजकूर तेवढा वेगळा. बाकी काही मला येवो न येवो, माझा हात या कामात चुकत नाही. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, कारण या प्रवासाला मी निघाले तीच मुळी या एका वाक्यावरून भांडून.

झालं होतं असं. आपल्याकडची देशी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. पण तिकडे बंगालच्या खाडीकाठच्या बुटक्या मेंढ्यांत डीएनएमधलं एक अक्षर बदललेलं असतं, आणि ते अक्षर ज्या मेंढीत असेल तिला बहुधा जुळी होतात. संकरातून ते अक्षर आता आपल्या काही कळपांतही आलं आहे. मेंढीत ते असलं तर ती व्याली की कळतं. मेंढ्यात आहे का हे कसं कळणार? तो थोडाच वितो. त्याच्या लेकी व्यायला लागेपर्यंत वाट बघायची, नाहीतर आमच्याकडे रक्त पाठवायचं.

गेल्या हिवाळ्यात सांगोल्याकडच्या माळावरच्या एका कळपाचं रक्त मी स्वतः काढून आणलं होतं. कळप बायडाबाईंचा. सगळी वस्ती त्यांना आक्का म्हणते, मीही म्हणते. त्यांच्या कळपात काळतोंडी नावाची मेंढी आहे, तिला दर वेताला जुळी. कागदावर तिचा मुलगा ठिपक्या. बोडी नावाच्या दुसऱ्या एका साध्या मेंढीचा मुलगा लांबकान्या. आणि निकाल आला तो उलटा. जुळ्यांचं अक्षर लांबकान्यात सापडलं, आणि काळतोंडीचा मुलगाही तोच निघाला. ठिपक्या ना काळतोंडीचा, ना बोडीचा.

आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "तुमच्या हातून रक्ताच्या नळ्या बदलल्या आहेत. संगणकात दोन नावांची अदलाबदल करा आणि विषय संपवा."

मी म्हटलं, "नळ्या बदलल्या असत्या तर ठिपक्या बोडीचा निघाला असता. तो कुणाचाच निघत नाही."

"मग तीन नळ्या बदलल्या असतील," सर म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नावं बदलली असती तर संगणकाचं काही बिघडणार नव्हतं. पण माळावर आक्का ठिपक्याला कळपाचा मेंढा म्हणून ठेवणार होत्या आणि लांबकान्याला बाजारात काढणार होत्या. कळपाला मेंढा एकच ठेवतात आणि पुढच्या चार-पाच वर्षांची सगळी कोकरं त्याची. मेंढा चुकला की ती सगळी वर्षं चुकली. मी बॅग भरली. सरांनी जाता जाता ज्वारीचं बी आणि उसाची पानं आणायचं कामही गळ्यात घातलं, म्हणजे माझं भांडण सरकारी खर्चात बसलं.

केम, बुधवार

केमला गाडीतून उतरणारी मी आणि एक म्हातारबाबा. बाहेर भालेराव जीप घेऊन उभे होते. भालेराव सोलापुरातल्या बौद्ध वस्तीत वाढले, जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून जिल्हाभर फिरले आणि आता निवृत्तीनंतर आमच्यासारख्यांना फिरवतात. जीपच्या आरशाला पंचशीलाची लहानशी पताका आहे. काहीही झालं तरी हा माणूस "निवांत, मॅडम" एवढंच म्हणतो. पहिल्या तासाभरात टायर पंक्चर झालं तेव्हाही तेच म्हणाले, आणि खरंच निवांत बसून बदललं.

ज्यांच्या ज्वारीचं बी न्यायचं होतं त्या तानाजीअण्णांचं रान स्टेशनपासून जवळच. बांधावर शेणकुटांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, हुरडा भाजायचं चाललं होतं. आमच्या कोकणात धान्य म्हणजे भात. पाय चिखलात, डोकं पावसात, मग पोटात तांदूळ. इथे भेगाळलेली काळी जमीन, पाऊस जाऊन दोन महिने झालेले, आणि त्यात ज्वारी ताठ उभी. मला तर तिचा रागच आला, इतकी ती निर्धास्त दिसत होती. हुरडा तळहातावर चोळून, फुंकून, शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ला. किती खाल्ला ते विचारू नका.

अण्णांनी बियाणं पिशवीत घालता घालता विचारलं, "ह्येच्यात काय वाचता म्हनं तुमी?"

मी उत्साहात सांगितलं, की ज्वारीची गुणसूत्रं फक्त दहा जोड्या, मजकूर आटोपशीर, वाचायला सोपा. आणि काही ज्वारी जमिनीतलं पाणी संपलं तरी पानं हिरवी कशी ठेवते, ते कोणत्या जनुकांमुळे, याचा शोध जगभर चालला आहे.

"मुळं खाली जात्यात म्हनून," अण्णा म्हणाले. "त्येला मशीन कशाला लागती?"

"मुळं खाली जा हे त्यांना कुणी सांगितलं, ते शोधतोय आम्ही."

अण्णांनी यावर जरा विचार केला. मग म्हणाले, "सापडलं की आमच्या थोरल्याला बी सांगा. त्यो हितं टिकंना," आणि भालेरावांना टाळी दिली. मी दोन किलोंची पावती लिहून दिली.

श्रीपूर आणि अकलूज, गुरुवार

श्रीपूरच्या रस्त्यावर आमची जीप पाऊण तास बैलगाड्यांच्या मागे होती. गाड्यांवर ऊस, उसावर बायका, बायकांच्या मांडीवर लेकरं. मधूनच दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाणी लावून पुढे काढायचा. हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास होता. पहिल्या दहा मिनिटांत नकोसा होतो, मग कळतही नाही.

वाचक म्हणून मला उसाइतका छळ कुणी केलेला नाही. तुमच्याआमच्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. उसात आठ, दहा, बारा, आणि त्याही दोन वेगळ्या पूर्वजांच्या, एकमेकांत घुसलेल्या. दहा माणसांनी एकच पत्र थोडंथोडं बदलून लिहावं आणि फाडून एका पोत्यात भरावं, तसा तो प्रकार. इतर पिकांच्या मानानं ऊस नीट वाचून व्हायला फार वेळ लागला, यात मला काही नवल वाटलं नाही.

पानं घ्यायला फडात शिरले आणि पहिल्याच पानानं बोट कापलं. ऊस तोडणारी एक बाई कोयता खांद्यावर टाकून बघत होती. "उलटा हात फिरवू नगा," ती म्हणाली, "शेंड्याकडनं बुडाकडं हात आला की कापतंयच त्ये." तिनं पदराच्या काठाची चिंधी फाडून माझं बोट बांधलं आणि पुढची वीस पानं स्वतःच तोडून दिली, मी पाकिटांत भरेपर्यंत. तिचं नाव विचारलं तर हसली आणि पुन्हा फडात गेली.

संध्याकाळी अकलूजला मटणाचा रस्सा मागवला. आमच्याकडे रश्शात नारळ घालून तिखटाला आवर घालतात. इथे तसला काही विचार नाही. मला उचक्या लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि वाढणारा पोरगा प्रेमानं आणखी तर्री घेऊन आला. मी ती घेतली. माघार घ्यायची नाही, हा माझा स्वभावच आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

माळावर, शुक्रवार

वेळापूर मागं पडलं, सांगोल्याकडे वळलो, आणि कालव्याचं पाणी संपलं तशी हिरवाई संपली. मग नुसता माळ. कुसळं, बाभळी, दगड, आणि त्यावर एवढं मोठं आभाळ की मला उगाचच मोकळं वाटायला लागलं. कोकणात आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्यानं दिसतं.

आक्कांच्या कुटुंबातले लोक पूर्वी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांब बागायतीकडे जायचे. आता जात नाहीत. नवरा गेल्यावर आक्का आणि त्यांचा मुलगा बिरू दोघंच कळप सांभाळतात. आक्का साठीच्या पुढच्या, उंच, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. बिरू तिशीचा, कमी बोलणारा, बारावीपर्यंत शिकलेला. माझे फॉर्म तोच भरून देतो.

"आलीस व्हय गं," आक्का म्हणाल्या. "औंदा बारीक झालीस."

हे धादांत खोटं होतं, पण बरं वाटलं.

हुलग्याचं माडगं प्यायलो. गरम, दाट, गुळाची थोडी गोडी. मग मी वाघुरीकडे, म्हणजे जाळं लावून मेंढरं कोंडतात तिकडे गेले, आणि तिथे एक विचित्र कोकरू दिसलं. त्याच्या अंगावर त्याच्या कातड्यावरून दुसरं कातडं घातलं होतं, लहान मुलाला मोठ्या भावाचा सदरा घालावा तसं. पायांच्या जागी चार भोकं, मानेशी सुतळी. आणि एक मेंढी त्याचा मागचा भाग हुंगत शांतपणे त्याला पाजत होती.

"हे काय?" मी विचारलं.

बिरू म्हणाला, "तिचं कोकरू मेलं परवा. मेंढी वासावर वळखती. मेलेल्याचं कातडं पोरक्या कोकराला घातलं की तिला वाटतं आपलंच. तीन-चार दिवसांनी काढून टाकायचं. तवर तिचं दूध त्येच्या अंगात मुरतं."

"मग हे कोकरू मूळचं कुणाचं?"

 बिरू पायानं दगड उलटापालटा करत राहिला. मागून आक्कांचा आवाज आला, "तिचंच."

"तसं नाही आक्का, व्यायली कोण?"

"तिचंच म्हनलं न्हवं."

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नळ्या बदलल्याच नव्हत्या. गेल्या वर्षी मी एकेका कोकराला हात लावून "हे कुणाचं?" विचारत गेले होते, आणि आक्कांनी प्रत्येक वेळी ज्या मेंढीनं पाजलं तिचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बोलत सुटले. बावीस वर्षांची माझी इज्जत परत आली होती.

"म्हणजे ठिपक्यालाही असंच घातलं होतं," मी म्हटलं. "काळतोंडी त्याची आईच नाही. आणि लांबकान्या बोडीचा नाही, काळतोंडीचा आहे."

"काळतोंडीचं दूध ठिपक्यानं पिलंय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "जुळ्याचा गुण दुधातनं उतरतो. म्हनून त्येला ठिवलाय."

"दुधातून काही उतरत नाही, आक्का. कितीही पाजा. रक्तात असतं तेच खरं. परक्याचं लेकरू पाजलं म्हणून ते आपलं होत नाही."

बोलताना मी हातवारेसुद्धा केले होते, असं भालेरावांनी नंतर सांगितलं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग बिरूकडे, आणि काठी घेऊन सरळ माळाच्या दिशेनं चालत्या झाल्या. बिरू म्हणाला, "परवा रविवारच्या बाजाराला लांबकान्या जायाचाय. सकाळी व्यापाऱ्याची गाडी येणार." आणि तोही आईच्या मागं गेला.

 जीपमध्ये भालेराव निवांतसुद्धा म्हणाले नाहीत. मग गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बिरू आक्कांचा नाही. त्यांच्या धाकट्या जावेचा. ती बाळंतपणात गेली. त्याच महिन्यात आक्कांचं स्वतःचं तान्हं गेलं होतं. आक्कांनी याला पदराखाली घेतला. वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, बिरूलाही. पण इथली रीत आहे. एकदा पदरात घातलं, की मूळचं कुणाचं हे तोंडातून काढायचं नाही. मेंढराचं काढलं तर मेंढी पान्हा चोरते म्हणतात. माणसाचं तर कुणी काढतच नाही."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. रक्त मी बरोबर वाचलं होतं, आणि समोरचं माणूस मला वाचता आलं नव्हतं.

शनिवार

सकाळी परत गेलो. नव्यानं रक्त काढायचं होतंच, पण निकाल आठवडाभरानं, आणि गाडी उद्या येणार. म्हणजे लांबकान्या वाचायचा असेल तर तो आक्कांच्याच शब्दावर. कळप त्यांचा, निर्णय त्यांचा. त्यांनी स्वतःच्या तोंडानं वस्तीसमोर सांगितल्याशिवाय बिरूही मेंढा बदलणार नव्हता, आणि ते सांगणं म्हणजे आयुष्यभर पाळलेली रीत मोडणं.

मी काहीच विचारलं नाही. काळतोंडीचं रक्त घेतलं. ती आता म्हातारी झाली आहे, दात पडलेत, पुढे व्यायची नाही. तिची आधीची कोकरं कधीच बाजारात गेलेली. लांबकान्या गेला की ते अक्षर या कळपातून कायमचं गेलं. लांबकान्याचं रक्त घेतलं, तो अगदी गरीब. ठिपक्याची पाळी आली तेव्हा त्यानं डोकं खाली घालून मला अशी ढुशी दिली की मी काटेरी कुंपणात बसले. उठेपर्यंत एका शेळीनं माझा गेल्या वर्षीचा निकालाचा कागद खाल्ला. शिक्क्यासकट, सहीसकट.

आक्का पहिल्यांदा हसल्या. मी साडीतले काटे काढत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. 

"आक्का, काल मी वाट्टेल ते बोलले. चुकलं माझं."

"रक्तात समदं असतंय म्हनालीस."

"समदं नसतं. जुळ्यांचं असतं. एवढंच मला माहीत आहे, आणि तेवढं मात्र पक्कं माहीत आहे. दुधानं अंग धरतं, जीव लागतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण ते एक अक्षर दुधातून जात नाही. लांबकान्यात आहे ते, ठिपक्यात नाही. उद्या गाडीत कोण चढतो त्यावर पुढची पाच वर्षं आहेत."

आक्का काळतोंडीकडे बघत राहिल्या.  "रक्ताचा ठिवायचा आन दुधाचा इकायचा," त्या म्हणाल्या, "ह्ये म्या बिरूच्या म्होरं कसं बोलू, सांग."

  त्यांनी उठून मला भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा वाढला. बोलणं तिथंच थांबलं. भाकऱ्या मात्र चांगल्या दोन खाल्ल्या.

रविवार

उन्हं वर यायच्या आत व्यापाऱ्याची पिकअप वस्तीवर आली. शेजारच्या दोन पालांतली माणसंही जमली होती, बाजाराला जायला. बिरूनं लांबकान्याच्या गळ्यात दोर घातला आणि त्याला गाडीकडे आणला. तो बिचारा ओढावं लागलंच नाही असा चालत आला. मी जीपपाशी उभी होते. मध्ये पडायचं नाही, असं भालेरावांना वचन दिलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा असं वचन मी पाळत होते. 

गाडीचा मागचा फळका उघडला तसं आक्का पुढे झाल्या आणि दोरावर हात ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. मग कुणाकडेच न बघता, जरा मोठ्यानं, एका दमात बोलल्या. "ह्यो काळतोंडीचा हाय. तिला दोन झाली हुती. बोडीचं मेलेलं निघालं, म्हनून ह्येला तिच्या कोकराचं कातडं घालून तिला लावला. काळतोंडीकडं ऱ्हायलेलं दुसरं चौथ्या दिशी मेलं. त्याच दिशी एका मेंढीला पान लागलं, ती गेली, तिचं पोरकं म्हंजे ठिपक्या. त्येला काळतोंडीला लावला. समदं म्या माज्या हातानं केलंय. आज बोलले."

पान लागलं म्हणजे साप चावला.  शेजारच्या पालातल्या एका म्हाताऱ्यानं पटका काढून पुन्हा डोक्याला गुंडाळला.

व्यापाऱ्याला यातलं काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, "बरं मग ह्यो ऱ्हाऊ द्या. त्यो पोरका द्या. मला एक घेऊन जायाचाय."

बिरू लांबकान्याला सोडून ठिपक्याकडे गेला आणि त्याच्या गळ्यात दोर घातला. हिशेबानं बरोबरच होतं ते. मेंढा एकच ठेवायचा, दोन ठेवले की झुंजतात. मीच तर हा हिशेब मांडला होता. पण बिरू दोर धरून तिथेच उभा राहिला, आणि आक्कांची मान खाली गेली ती वर येईना. मला वाटलं, आता या बाईनं मान वर केली नाही तर तो दोष माझा. मी शास्त्र घेऊन आले आणि हिच्या घरात सुरी ठेवून चालले.

बिरू माझ्याकडे वळला.

"म्याडम, तुमच्या मशिनीत ह्येला कुनी पाजला ते दिसतंय का?"

"नाही."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही, बिरू."

"मंग अर्धीच हाय की मशीन," तो म्हणाला.

त्यानं ठिपक्याच्या गळ्यातला दोर काढला, त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला कळपात ढकललं आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "त्यो बी न्हाय जात. खच्ची करून कळपाच्या म्होरं चालायला ठिवू. झुंजायचा न्हाय मग." व्यापारी पुटपुटत गाडीत बसला. फळका वाजला आणि पिकअप रिकामी गेली.

मी बावीस वर्षं त्या मशीनवर बसते. परदेशातून आलेले लोक मला त्यातल्या चुका विचारतात. ती अर्धी आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, ते भालेरावांनी बघितलं आणि पताका सारखी करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आक्का अजून तशाच उभ्या होत्या. बिरूनं खाली पडलेली त्यांची काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"चल आये," तो म्हणाला. "मेंढरं सोडायची येळ झाली."